पुराव्याअभावी नामंजूर

1978 च्या जून महिन्यात हर्क्युलिना नावाचा लघुग्रह एका ताऱ्याच्या आड गेला. ताऱ्याचा प्रकाश त्यामुळे खंडित व्हावयाचा तो झालाच. परंतु त्याखेरीज आणखी एकदा, काही सेकंदच, तो मावळल्याची नोंद झाली. लघुग्रहाला चिमुकला चंद्र असला पाहिजे, असा तर्क काहींनी केला. पुष्कळ ज्योतिर्विदांना तो पटला नाही. प्रकाश लुकलुकण्यास दुसरीही कारणे असू शकतात.

पुढे गुरूकडे निघालेले गॅलिलिओ यान 28 ऑगस्ट 1993 रोजी इडा या लघुग्रहाजवळून गेले. यानाची मोठी आकाशिका उघडली नव्हती. त्यामुळे छायाचित्रे महिनोन्महिने रखडत पृथ्वीवर येत राहिली. फेब्रुवारी 1994 मध्ये ती तपासताना ॲन हार्च यांना इडाशेजारी एक ठिपका दिसला. जेमतेम दीड किलोमीटरचा तो डॅक्टिल! त्याच्या भ्रमणावरून इडाच्या वस्तुमानाचा अंदाज बांधता आला. धाकट्याने थोरल्याचे वजन सांगितले म्हणावयाचे. आज असे शेकडो उपग्रह ज्ञात आहेत. हर्क्युलिनाचा चंद्र मात्र हबल दुर्बिणीलाही आढळला नाही. म्हणजे शंका घेणारे त्या एका प्रकरणी बरोबर ठरले आणि ज्यांनी लघुग्रहांना चंद्र असणेच असंभाव्य मानले, ते चुकले.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची हयात परमुलखात अर्जांवर शेरे मारण्यात गेली आहे. ‘सिद्ध झाले नाही’ आणि ‘असणे शक्य नाही’ या दोन शेऱ्यांतील अंतर त्यांना आम्ही सांगावयास नको. पहिला शेरा प्रामाणिक आहे, दुसरा उद्धट. विज्ञानापुरते हे उत्तर आम्हांस पुरेसे वाटते.

कचेरीत ते पुरेल काय? जन्माची नोंद नसलेला म्हातारा किंवा पतीच्या नोकरीचे कागद पुरात गमावलेली विधवा समोर उभी असते. तिची भाषा आपल्याला अर्धीमुर्धीच कळते. आपण नम्रपणे पहिला शेरा लिहितो. पण निवृत्तिवेतन त्या दिवशी दोन्ही शेऱ्यांनी सारखेच अडते. डॅक्टिलला कुणी मानले नाही म्हणून त्याची एकही प्रदक्षिणा चुकली नाही. शिवाय त्याला दाखला आणावयास कुणी सांगितले नव्हते. पाहणारेच त्याच्या दारावरून गेले. विधवेच्या दाराशी कोणी जावे, हे मात्र आमच्या कोणत्याही नियमपुस्तिकेत आम्हांस आढळलेले नाही.