प्रसूतीची वाट कोणाच्या पसंतीची?

फैजपूर म्हटलें कीं सुशिक्षित वाचकांस १९३६ सालचें काँग्रेसचें अधिवेशन आठवतें. खेड्यांत भरलेलें तें पहिलें अधिवेशन. त्या गांवच्या, आणि खरें म्हणजे अवघ्या खानदेशच्या, माजघरांतून आज निराळाच प्रश्न निघतो. बाळंतपण नैसर्गिक व्हावें, कीं लोक ज्यास 'सिझर' म्हणतात तें करावें? उत्तर देणारीं माणसें पुष्कळ असतात. जिच्या देहावर तें उत्तर अमलांत यावयाचें, तिचा शब्द मात्र क्वचितच शेवटचा ठरतो. "तुझी इच्छा काय?" असें विचारलें म्हणजे तिच्या स्वातंत्र्याचा मान राखला, अशी समजूत आतां रूढ होऊं लागली आहे. परंतु ही इच्छा घडते कशी, तें आधीं पाहिलें पाहिजे.

पूर्वीं हा प्रश्नच नव्हता. पहिलटकरीण माहेरीं जाई, सुईण येई, आणि दोन्ही जीव सुखरूप राहिले तर पांचवीला सटवाई पुजली जाई. १८८२ सालीं झेंगर नांवाच्या जर्मन वैद्यानें गर्भाशयाचा छेद टाक्यांनीं शिवण्याची रीत घालून देईपर्यंत पोट चिरणें बहुधा आईच्या जिवावरच बेतत असे. पुढें निर्धोक भूल, रक्तदान आणि जंतुनाशक औषधें आलीं, आणि ह्याच शस्त्रानें असंख्य आया व मुलें वांचविलीं. जुन्या बाळंतपणांचे गोडवे गाणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, बाजेवरून पुन्हा न उठलेल्या बायकांचा हिशेब कोणींच ठेवला नव्हता.

आज गोष्ट दुसऱ्या टोकास गेली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें २००५-०६ सालीं देशांत शेंकडा ८.५ बाळंतपणें शस्त्रक्रियेनें झालीं होतीं; २०१९-२१ सालीं तें प्रमाण २१.५ झालें. त्यांतही सरकारी रुग्णालयांत १४.३, तर खाजगींत ४७.४! खाजगींत जाणाऱ्या बायका अधिक सधन आणि थोड्या अधिक वयाच्या असतात, हें कबूल. पण तेवढ्यानें तिपटीहून मोठें अंतर भरून निघतें, असें आम्हांस वाटत नाहीं. लोकसंख्येंत हें प्रमाण शेंकडा १० च्या वर गेल्यानें माता-बालकांचे मृत्यु आणखी घटत नाहींत, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं सांगितलें आहे.

मग ह्या वाढींत स्त्रियांची पसंती किती? कांहीं आहे, नाहीं असें नाहीं. कळांचें भय आहे. आणि तें केवळ वेदनेचें नव्हे, तर अनोळखी खोलींत, अनोळखी माणसांत, रागें भरलेलें ऐकत एकटें पडून राहण्याचें आहे. मुहूर्ताची हौस आहे. त्याच वेळीं कुटुंबनियोजनाचीही शस्त्रक्रिया उरकावी, हा व्यवहार आहे. आणि मध्यरात्रीं "बाळाला धोका आहे" हे शब्द कानीं पडल्यावर कोणती आई "थांबा" म्हणेल? उलट पक्षीं, 'नॉर्मल'चा आग्रह तरी सारा तिचा कोठें असतो? खर्च वांचतो, सून लवकर हिंडूंफिरूं लागते, आणि "आमचीं चार झालीं, आम्ही काय मेलों?" हें सासूबाईंचें वाक्य ती नऊ महिने ऐकत असते.

सातपुड्याच्या पायथ्याशीं, ह्याच यावल तालुक्यांत, तडवी आणि पावरा वस्त्यांवरील बायकांची अडचण तर ह्याच्या नेमकी उलट. अडलेल्या बाईस शस्त्रक्रिया वेळेवर लाभेल कीं नाहीं, ही तेथली चिंता. घरींच बाळंत होण्याकडे तिचा कल दिसला, तर त्यास 'पसंती' म्हणणें आम्हांस क्रूरपणाचें वाटतें. तो पुष्कळदां रस्त्याचा आणि अंतराचा निर्णय असतो.

सतत जवळ कोणी धीर देणारें असलें तर काय होतें, ह्याचे २६ प्रयोग, १५ हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेले, २०१७ सालीं एकत्र तपासले गेले. तेव्हां अशा स्त्रियांत शस्त्रक्रियांचें प्रमाण कमी आढळलें. शस्त्राची मागणी ही पुष्कळ अंशीं सोबतीची मागणी असते, असा आम्ही ह्याचा अर्थ लावतों. तरीही सारें जाणून, सोबत असूनही, एखादी शस्त्रक्रियाच मागेल. तिला भित्री म्हणण्याचा अधिकार कोणास? दांत काढतांना भूल मागणाऱ्या पुरुषास आपण भित्रा म्हणत नाहीं. मात्र पुढच्या खेपेस वार जुन्या व्रणास चिकटून बसण्याचा धोका तिला सांगितला पाहिजे. आणि नैसर्गिक प्रसूति मागणारीस, पुढें वयोमानानें अंग बाहेर येण्याचा संभव असतो, तेंही. प्रौढ व शुद्धीवर असलेल्या स्त्रीच्या ऐवजीं तिच्या आईनें दिलेली संमति चालत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें एका शस्त्रक्रियेच्या खटल्यांत २००८ सालींच ठरविलें आहे. तरी सहीसाठीं कागद आधीं नवऱ्यापुढें सरकविण्याची संवय पुष्कळ ठिकाणीं मोडलेली नाहीं.

हें बोलणें सातव्या महिन्यांत व्हावयास हवें, कळा सुरू झाल्यावर नव्हे. आणि तें होतांना सासूबाईंनीं थोडा वेळ बाहेर बसावें. कळांच्या वेळीं मात्र दाराबाहेर ताटकळणाऱ्या आईस आंत घ्यावें. सरकारी रुग्णालयांत अशी एक सोबतीण ठेवण्यास केंद्र सरकारनें २०१६ सालींच मुभा दिली आहे. शेजारच्या खाटेवरील बाईस संकोच होईल, ही सबब सांगितली जाते. ती खोटीही नाहीं. त्यासाठीं दोन खाटांमध्यें एक पडदा लागेल.