यंत्राचे अपौरुषेयत्व

एखाद्या विधानावर विश्वास ठेवण्यापूर्वी ते खरे असल्याचा पुरावा मागावा, की ते खोटे ठरेपर्यंत खरेच मानून चालावे, हा भारतीय प्रमाणशास्त्रातील, म्हणजे ज्ञानाची साधने आणि त्यांची विश्वासार्हता तपासणाऱ्या शास्त्रातील, एक जुना वाद आहे. मीमांसकांच्या मते ज्ञान उपजतच प्रमाण असते. त्याच्या खरेपणाला बाहेरचा दाखला लागत नाही, खोटेपण मात्र बाहेरून कळते. या मताला स्वतःप्रामाण्यवाद म्हणतात. नैयायिकांच्या मते ज्ञानाचे खरेपण आणि खोटेपण ही दोन्ही बाहेरूनच ठरतात. समोर दिसलेले पाणी पाणीच होते, हे ते पिऊन तहान भागल्यावर निश्चित होते. हा परतःप्रामाण्यवाद. संगणकाच्या पडद्यावर उमटलेल्या आकड्याकडे न्यायालयाने किंवा कचेरीने कोणत्या दृष्टीने पाहावे, हा प्रश्न या वादाच्या वाटतो त्यापेक्षा बराच जवळचा आहे, आणि ब्रिटनमधील ‘होरायझन’ प्रकरणाने तो शेकडो माणसांच्या आयुष्याची किंमत घेऊन पुन्हा उभा केला.

होरायझन ही १९९९ पासून ब्रिटनमधील टपाल शाखांत बसवण्यात आलेली, फुजित्सू कंपनीने पुरवलेली संगणकीय हिशेबप्रणाली होती. त्या शाखांपैकी बहुतेक सबपोस्टमास्तर चालवीत; हे पगारी नोकर नव्हते, तर करारावर काम करणारे आणि पुष्कळदा त्याच जागेत किराणा किंवा स्टेशनरीचे दुकान मांडून बसलेले छोटे व्यावसायिक होते. यंत्राने दाखवलेली रोकड आणि गल्ल्यातील रोकड जुळली नाही की फरक त्यांनी पदरचा भरावा, अशी सरकारी मालकीच्या पोस्ट ऑफिस कंपनीची अपेक्षा असे, आणि तो भरला नाही तर चोरीचा किंवा खोटे हिशेब लिहिल्याचा खटला उभा राही. इंग्लंडच्या कायद्यात खासगी फिर्यादीची मुभा असल्याने यांतील बहुसंख्य खटले ही कंपनी स्वतःच चालवी. फिर्यादी, तपासनीस आणि ज्याच्या यंत्राचा आकडा हाच पुरावा तो, हे तिन्ही एकच. १९९९ ते २०१५ या काळात अशा आकड्यांच्या आधारे ९०० हून अधिक जण दोषी ठरले. सरे परगण्यातील वेस्ट बायफ्लीटच्या सीमा मिश्रा या भारतीय वंशाच्या सबपोस्टमास्तर २०१० मध्ये गरोदर असतानाच १५ महिन्यांची शिक्षा होऊन तुरुंगात गेल्या; एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ज्या ३९ जणांची दोषसिद्धी रद्द केली, त्यांत त्या होत्या.

या आकड्यांवर इतका विश्वास बसण्यामागे कायद्याचाही हात होता. १९८४ च्या ब्रिटिश कायद्यातील ६९ व्या कलमानुसार संगणकाची नोंद पुराव्यात घेण्यापूर्वी तो संगणक नीट चालत असल्याचे दाखवावे लागे. ही अट गैरसोयीची ठरते म्हणून २००० साली ती निघाली, आणि उलट पुरावा येईपर्यंत यंत्र बरोबरच चालते असे गृहीतक उरले. वरवर पाहता हा स्वतःप्रामाण्यवादाचाच विजय झाला. परंतु तसे म्हणणे या मताचे मीमांसक आचार्य कुमारिल भट्ट यांच्यावर अन्याय करण्यासारखे आहे. त्यांच्या भाट्ट मीमांसेत विश्वास आरंभी फुकट मिळतो खरा, पण तो काढून घेण्याचे दोन मार्ग नेहमी मोकळे असतात: पहिल्या ज्ञानाला खोडून काढणारे दुसरे ज्ञान, म्हणजे बाधकज्ञान, आणि ज्या कारणातून ते ज्ञान उपजले त्यातच दोष असल्याचे ज्ञान, म्हणजे कारणदोषज्ञान. होरायझन प्रकरणात हे दोन्ही मार्ग बंद करण्यात आले. सबपोस्टमास्तरने हाताने मोजलेली रोकड हे यंत्राच्या आकड्याला बाधक ज्ञान होते, पण ते चोराचे म्हणणे म्हणून आधीच बाद झालेले असे. आणि कारणातील दोषांची नोंद, म्हणजे प्रणालीतील ज्ञात चुकांची यादी, फुजित्सूकडे होती, आरोपीकडे नव्हती. स्कॉटलंडमधील कॅलेंडर स्क्वेअर शाखेच्या नावाने ओळखली जाणारी चूक अनेक वर्षे प्रणालीत टिकून होती. दूर बसलेले अभियंते शाखेच्या हिशेबात सबपोस्टमास्तरला न कळता फेरफार करू शकत, हेही पोस्ट ऑफिस दीर्घकाळ नाकारत राहिले. माजी सबपोस्टमास्तर ॲलन बेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोस्ट ऑफिसविरुद्ध केलेल्या दाव्यात न्यायमूर्ती फ्रेझर यांनी डिसेंबर २०१९ मध्ये हा नकार मोडीत काढला.

तेव्हा दोष केवळ विश्वासाचा नाही. विश्वास कशावर बसला, हा खरा मुद्दा आहे. मीमांसकांनी वेदाला निर्दोष मानले ते तो अपौरुषेय, म्हणजे कोणा पुरुषाने न रचलेला, आहे म्हणून. शब्दातले दोष वक्त्याच्या भ्रमातून, निष्काळजीपणातून किंवा फसवण्याच्या इच्छेतून येतात. वक्ताच नसेल तर दोषाला जागा कोठून मिळणार, असा त्यांचा युक्तिवाद. तो पटो वा न पटो, त्याची अट स्पष्ट आहे. संगणकाच्या बाबतीत मात्र अट पूर्ण न होताच फळ पदरात पाडून घेतले जाते. पडद्यावरचा संदेश कोण बोलतो हे दिसत नाही, त्याला आवाज नाही, चेहरा नाही, सहीही नाही, म्हणून तो कोणाचाच नाही असे वाटू लागते. प्रत्यक्षात त्याच्यामागे आज्ञावली लिहिणारे, ती घाईने तपासणारे आणि खर्च वाचवण्यासाठी दुरुस्ती पुढे ढकलणारे अनेक पुरुष असतात. ‘सिस्टीम घेत नाही’ असे सांगून अर्ज परत करणारा कारकून याच समजुतीचा घरगुती अनुयायी होय, आणि त्याच्याशी वाद घालता येत नाही, कारण तो स्वतः काही बोलतच नसतो.

नैयायिकांकडे याला अधिक कणखर उत्तर आहे. त्यांच्या मते शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा असेल तरच, आणि न्यायसूत्रांचे भाष्यकार वात्स्यायन यांच्या विवेचनानुसार आप्त म्हणजे ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि ती जशी आहे तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे असा माणूस. तो ऋषी असो, आर्य असो वा म्लेच्छ. या कसोटीत यंत्र दोन्हीकडून नापास होते: त्याने गल्ला पाहिलेला नसतो, आणि सांगण्याची इच्छा त्याच्या ठिकाणी संभवत नाही. अलीकडच्या संवाद साधणाऱ्या कृत्रिम प्रज्ञेने यात एवढीच भर घातली आहे की तिचे बोलणे आप्ताच्या बोलण्यासारखे भासते, आणि त्यामुळे जी शंका मुक्या आकड्याविषयी कोणी तरी घेतली असती, तीही गळून पडते.

भारतातील कायद्याने ब्रिटनप्रमाणे अट काढून टाकली नाही. महाराष्ट्रातील जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र आवश्यकच असल्याचे सांगितले, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाने त्या प्रमाणपत्रावर तज्ज्ञाचीही सही आणि नोंदीचे हॅश मूल्य, म्हणजे मजकुरात एक अक्षर बदलले तरी बदलणारी गणिती खूण, मागितली. यंत्रामागे सही करणारा माणूस पुन्हा उभा करणारी ही तरतूद न्यायदर्शनाला मानवणारी आहे. मात्र हॅश मूल्य सांगते ते इतकेच की नोंद घेतल्यानंतर ती बदललेली नाही; ती उमटली तेव्हा खरी होती का, हे ते सांगू शकत नाही. उपकरण नीट चालत होते, असे सही करणारा लिहून देतो. पण त्या उपकरणातील आज्ञावलीच्या ज्ञात चुकांची यादी त्याने पाहिली आहे काय, असा रकाना त्या नमुन्यात नाही.