गुडघे टेकवेनात तेव्हा

परंड्याकडील खेड्यांत उपासनेस मंडळी जमिनीवर बसते व प्रार्थनेच्या वेळी गुडघे टेकते. ज्या वृद्धांचे गुडघे वाकत नाहीत ते भिंतीशी उभे राहतात, किंवा हळूहळू येणेच सोडतात. मग त्यांचा विश्वास थंडावला असे कोणी म्हणतो. यावरून प्रश्न उत्पन्न होतो तो हा की, म्हातारपणाचे दुखणे देवाने दिले म्हणून निमूट सोसावे, की त्यावर उपाय शोधावा? आणि सोसणाऱ्याविषयी इतरांचे कर्तव्य काय?

सांध्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते. वय, देहाचा भार, जुनी दुखापत व वर्षानुवर्षांचे कष्ट यांनी ते झिजते आणि सांधा ताठतो. हा झिजेचा संधिवात होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली जगात सुमारे ५२ कोटी ८० लक्ष माणसांस तो होता. त्यांत शंभरांपैकी साठ स्त्रिया. हे पापाचे शासन नव्हे. ज्या गुडघ्यांनी उकिडवे बसून खुरपणी केली व चुलीपुढे भाकरी थापल्या, तेच आज ठणकत आहेत.

हे दुखणे गुडघ्यातच थांबत नाही. एसटीची पायरी चढवत नाही, म्हणून बाजार सुटतो. शौचास उकिडवे बसवत नाही, म्हणून कित्येक वृद्ध अन्नपाणीच कमी करतात. रात्री झोप मोडते. शेवटी, आपण घरास भार झालो, असे मन म्हणू लागते. येथे दुखणे देहातून आत्म्यात उतरते.

आम्हांस वाटते की, उपाय शोधणे हा अविश्वास नव्हे. आपल्या देहातील काटा काढावा म्हणून पौलाने प्रभूस तीनदा विनविले. सोसण्याची कृपा त्यास मागाहून मिळाली. मिरजेस १८९४ साली डॉ. वान्लेस यांनी इस्पितळ उघडले, ते रोग्यांस केवळ धीर धरा असे सांगण्यासाठी नव्हे. धीर हे सोसणाऱ्याने देवास केलेले अर्पण आहे. ते दुसऱ्याने त्याजकडून मागून घ्यावयाचे नाही. सून सासूस किंवा उपदेशक विधवेस "सोसा" एवढेच म्हणेल, तर तो उपदेश नव्हे, हात झटकणे होय.

कोणी म्हणेल, गुडघे टेकणे हाच आदर आहे. त्याने मोशेकडे पाहावे. अमालेकाशी युद्ध चालले असता त्याचे हात जड झाले, तेव्हा सोबत्यांनी त्यास बसावयास धोंडा दिला, आणि अहरोन व हूर यांनी सूर्यास्तापर्यंत त्याचे हात धरून ठेवले. बसल्याने त्याची प्रार्थना उणी झाली नाही.

तर आपणही तसेच करावे. उपासनेत पुढे दोन खुर्च्या ठेवाव्या. जो येऊ शकत नाही त्याच्या घरी प्रभुभोजन न्यावे. वृद्धास अंथरुणास खिळू देऊ नये. बेताने चालणे, आणि बसून पाय सरळ ताणून धरणे, याने मांडीचे स्नायू बळकट होतात व सांध्यास आधार मिळतो. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. दुकानातील वेदनाशामक गोळ्या पुष्कळ दिवस मनानेच घेतल्यास जठर व मूत्रपिंड यांस अपाय होतो. म्हणून डॉक्टरास विचारावे. गुडघा लाल होऊन सुजला व ताप आला, तर तेव्हाच इस्पितळ गाठावे. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजना काढली. तीत ६५ वर्षांवरील अल्प उत्पन्नाच्या वृद्धांस गुडघ्याचा पट्टा, शौचाची खुर्ची इत्यादी साधनांसाठी एकवेळ ३,००० रुपयांची तरतूद केली. अर्जाची चौकशी उपदेशकांनी त्यांच्या वतीने करावी.

आणि वृद्धांस कामही द्यावे. मुलांस वचने पाठ करविणे, आजाऱ्यांची नावे घेऊन प्रार्थना करणे, यांस गुडघे लागत नाहीत. ज्यांनी आम्हांस चालावयास शिकविले, त्यांची चाल मंदावली असता आपली पावले आखूड करणे हेच आमचे ऋण आहे.