दुसऱ्या दिवशीचा आकडा

फ्रान्समध्ये द्राक्षमळ्यात राबणाऱ्या एका माणसाला एक मुलगा होता. घरात पैसा नव्हता, म्हणून तो ल्यों शहराजवळ एका औषधाच्या दुकानात उमेदवारी करू लागला. त्या दुकानात थेरियाक नावाचे एक औषध फार खपत असे. कुठल्याही दुखण्यावर लोक तेच मागत. एखादे मलम नासले, एखादा काढा आंबला, की मुलगा मालकाला विचारी, हे फेकून देऊ का? मालक सांगे, थेरियाकमध्ये घाल. औषधात रोज काहीतरी वेगळे पडे आणि गुण आला असे लोक रोज सांगत. मुलगा काही बोलला नाही. पण पारखून न पाहिलेल्या गोष्टीवरचा त्याचा विश्वास तिथेच उडाला.

पुढे तो पॅरिसला जाऊन वैद्यक शिकला. परीक्षेत फारसा चमकला नाही, पण हात फार कुशल होता. एका नामांकित प्राध्यापकांनी त्याला मदतनीस म्हणून ठेवून घेतले. कामाची जागा अंधारी आणि ओलसर होती. तिथेच तो वर्षानुवर्षे काम करत राहिला. त्याचे नाव क्लोद बर्नार.

मधुमेह्याच्या लघवीतून साखर जाते, हे तेव्हा ठाऊक होते. साखर फक्त वनस्पती तयार करतात आणि प्राणी ती खाऊन संपवतात, असे मोठमोठे रसायनतज्ज्ञ सांगत. बर्नारला एवढेच शोधायचे होते, की खाल्लेली साखर शरीरात नाहीशी कुठे होते.

त्याने एका कुत्र्याला नुसत्या मांसावर ठेवले. त्याच्या रक्तात साखर सापडायला नको होती. मोरचुदापासून केलेल्या निळ्या द्रावणात साखर असलेले काही उकळले, की विटकरी गाळ धरतो. आतड्याकडून यकृताकडे जाणाऱ्या शिरेतले रक्त त्याने या द्रावणाने तपासले, आणि विटकरी गाळ धरला. खाण्यात साखर नव्हती, मग ही आली कुठून? त्याने ती शीर यकृताजवळ बांधली आणि पुन्हा पाहिले. आता आतड्याकडच्या रक्तात साखर नव्हती. आधी दिसलेली साखर यकृतातून मागे उतरली होती. यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात मात्र ती भरपूर होती. हे 1848 साल होते.

यासाठी मुक्या जिवांनी फार सोसले. बर्नारच्या बायकोला ते कधीच पटले नाही आणि अखेर तिने संसार मोडला. तिचे दुःख खरे होते. आज आपण जे ज्ञान वापरतो, त्यात त्या जनावरांचा वाटा आहे, हे विसरू नये.

यकृतातली साखर मोजताना बर्नार एकाच यकृताची दोनदा मोजणी करी. एकदा वेळ पुरला नाही. एक मोजणी लगेच झाली, दुसरी दुसऱ्या दिवसावर गेली. आकडे जुळेनात. दुसऱ्या दिवशीची साखर कितीतरी जास्त भरली. यकृत तेच, मोजणारा तोच. मोजण्यात चूक झाली म्हणून तो आकडा खोडून टाकणे सोपे होते. त्याने तो ठेवला.

मग त्याने ताजे यकृत घेतले आणि त्याच्या शिरेतून गार पाणी सोडले. आधी लाल पाणी आले, मग फिकट, मग नितळ. चाळीस मिनिटांनी यकृतात साखरेचा मागमूस उरला नाही. ते एका भांड्यात तसेच ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी पाहिले, तर त्यात पुन्हा साखर होती, तीही पुष्कळ. म्हणजे पाण्याने न धुपणारे काहीतरी यकृतात साठलेले होते आणि त्याची साखर होत होती. 1857 साली त्याने ते वेगळे काढले. पिष्टासारखी पांढरी भुकटी, तिचे नाव ग्लायकोजेन. सुगीत भरावी आणि नडीला काढावी, अशी ही शरीराची कणगी.

त्या कणगीवर पहारा कोणाचा, हे कळायला आणखी वेळ गेला. 1889 साली स्ट्रासबुर्गमध्ये मेरिंग आणि मिंकोव्स्की यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले, तर त्याला मधुमेह झाला. 1922 साली टोरांटोत चौदा वर्षांच्या एका मुलाला स्वादुपिंडातून काढलेले इन्शुलिन टोचले. पहिले औषध पुरेसे शुद्ध नव्हते. बारा दिवसांनी अधिक शुद्ध औषध दिले आणि साखर उतरली.

या साऱ्यात बुद्धीचे काम होतेच. पण मला मोठी वाटते ती सचोटी. ठरलेल्या उत्तरात न बसणारा आकडा बर्नारने लपवला नाही, आणि कोणावर त्याचे खापरही फोडले नाही. त्या आकड्याने त्याला कणगीपर्यंत नेले.

आपल्या घरातही असा आकडा येतो. मधुमेही माणूस रात्री जेवून निजतो, मध्ये काही खात नाही, तरी सकाळी उपाशीपोटी साखर वाढलेली निघते. घरचे म्हणतात, चोरून काही खाल्ले असेल. पण रात्रभर यकृत रक्तात साखर सोडत असते. इन्शुलिन कमी पडले किंवा लागू पडेनासे झाले, की त्याला आवर राहत नाही. मेटफॉर्मिनची गोळी मुख्यतः यकृताची ही साखर कमी करते. तेव्हा त्या माणसावर आळ घेऊ नका. आकडा जसा आला तसा वहीत लिहा आणि वही डॉक्टरांना दाखवा.