पाहिले तेच लिहा

विज्ञान शिकविणे म्हणजे काय? सूत्रे पाठ करून घेणे, की मुलाच्या मनाला खरेपणाची सवय लावणे? हा प्रश्न एकट्या शिक्षकाचा नाही, घराचाही आहे. जुने देव्हारे रिकामे करून ज्यांनी धम्माचा मार्ग धरला, त्या घरांचा तर तो अधिकच आहे.

एक प्रसंग सांगतो. रायगडच्या किनाऱ्यावर, खाडीकाठच्या एका शाळेत मी शिकवितो. आपल्याकडे भरतीचा एक जुना हिशोब आहे : तिथीच्या पाऊणपट वाजता पूर्ण भरती. षष्ठीला सहाची पाऊणपट, म्हणजे साडेचार. सातवीच्या मुलांना मी हा हिशोब शिकविला आणि षष्ठीला धक्क्यावर जाऊन भरतीची वेळ लिहून आणावयास सांगितले. दुसऱ्या दिवशी एक वही सोडून सर्व वह्यांत साडेचार होते. त्या एका मुलीने सव्वापाच लिहिले होते. मी लाल फुली मारली.

ती उभी राहून म्हणाली, "सर, साडेचारला पाणी चढतच होते. मी काठी रोवून खुणा केल्या होत्या."

त्या सायंकाळी मी स्वतः धक्क्यावर गेलो. सप्तमीच्या हिशोबाने सव्वापाचला भरती पूर्ण व्हावयास हवी होती. पाणी सहापर्यंत चढत राहिले. मुलगी खरी होती. हिशोबही खोटा नव्हता. तो ठोकळ आहे, आणि समुद्राची भरती खाडीत आत शिरावयास वेळ लागतो. खोटे होते ते बाकीच्यांचे साडेचार. ती मुले धक्क्यावर गेलीच नव्हती, आणि त्यांना मी पुरे गुण दिले होते!

मला लाज वाटली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. एक गुण गेला तर सारे गेले, ही धास्ती सदैव पाठीशी असे. म्हणून प्रयोगवहीत मीही पुस्तकाशी जुळणारे आकडे लिहीत असे. ती धास्ती मी समजू शकतो. पण तिचा वारसा मुलांना देता येणार नाही.

आपल्या अलिबागेतच खऱ्या विज्ञानाचा धडा आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत असत. शहरात विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार, हे दिसताच संचालक नानाभाई मूस यांनी हे काम अलिबागेस हलविले. पण जुने बंद, नवे सुरू, असे झाले नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन त्या ताडून पाहिल्या. जागा नवी म्हणून तिच्यावर विश्वास टाकला नाही, की जुनी म्हणून तिला प्रमाण मानले नाही.

याच जिल्ह्यात महाडला, मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर ते तळे १०८ घागरी पंचगव्य ओतून "शुद्ध" करण्यात आले! पाण्यात काय बिघडले होते, काय सुधारले, हे कोणी तपासले होते काय? हा प्रश्न विचारण्याचा आपला हक्क आहे. पण विचारणाऱ्याने स्वतःच्या वहीतला खोटा आकडा खपवून घेतला, तर त्या प्रश्नाची धार उरत नाही. दुसऱ्यांच्या अंधश्रद्धेवर बोट ठेवणे सोपे. आपलेच म्हणणे कसोटीला लावणे कठीण.

परंपरा आहे, ग्रंथात आहे, गुरू सांगतो, एवढ्यानेच काही मानू नका, असे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले. त्या गुरूत सातवीचा शिक्षकही येतो, हे मला एका मुलीने शिकविले. आपली मुले पंचशील म्हणतात. असत्य न बोलण्याचे चौथे शील प्रयोगवहीतही पाळावयाचे असते, हे त्यांना कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर मी ती फुली खोडली आणि फळ्यावर माझी चूक लिहिली. नंतर सारा वर्ग धक्क्यावर नेला. खर्च काहीच नाही. एक काठी, एक घड्याळ, एक वही. मातापित्यांना एवढीच विनंती : मूल "कशावरून?" असे विचारील, तेव्हा त्याला गप्प बसवू नका. उत्तर ठाऊक नसेल तर म्हणा, "चल, पाहू या."