झाडपाल्याचा भरवसा

दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ४ × ४०० मीटर रिले जिंकून मनदीप कौर, सिनी जोस, अश्विनी अक्कुंजी ही नावं घरोघरी पोचली. वर्षभरात त्यांच्या नमुन्यांत अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडं सापडली. युक्रेनियन प्रशिक्षकांनी चीनहून आणलेल्या जिनसेंगमधून ती आली, असं मुलींचं म्हणणं. भारतीय समितीनं हेतू नव्हता हे मानून एक वर्षाची बंदी घातली. २०१२ मध्ये क्रीडा लवादानं ती दोन वर्षांची केली आणि लंडन ऑलिंपिक हुकलं.

जिनसेंग बिचारं मूळच. त्यात स्टेरॉइड उगवत नाही. पण वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, हा समजही तितकाच भाबडा आहे. कोकणात ज्याला काजरा म्हणतात त्या कुचल्याच्या बियांत स्ट्रिक्नीन असतं. १९०४ च्या सेंट लुइस ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावणाऱ्या थॉमस हिक्सला त्याच्या माणसांनी वाटेतच ते अंड्याच्या पांढऱ्या बलकातून पाजलं, वर ब्रँडी. झोकांड्या खात तो पोचला, जिंकलाही. आज स्ट्रिक्नीन निषिद्ध यादीत नावानिशी आहे. आयुर्वेद कुचला वापरतो, पण शोधन केल्याशिवाय नाही. एफेड्रा या वनस्पतीची गोष्ट अधिक जवळची. वजन उतरवणारी ‘नैसर्गिक’ गोळी म्हणून अमेरिकेत ती सर्रास विकली जाई. २००३ मध्ये ती घेणारा स्टीव्ह बेखलर हा तेवीस वर्षांचा बेसबॉलपटू सरावातल्या उष्माघातानं गेला. पुढच्याच वर्षी तिथं एफेड्रायुक्त पूरकांवर बंदी आली. चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात अनोळखी औषधाला विष, शस्त्र आणि अग्नीच्या पंक्तीत बसवलं आहे. आयुर्वेदाच्या नावावर डबे खपवणाऱ्यांना नेमकं हेच आठवत नाही.

चरकाचा रोख औषध जाणण्यावर आहे. आपल्याकडे खेळाडूच्या वतीनं हे जाणायचं काम दुसऱ्यानं करायचं, अशी रीत. कोल्हापूरच्या तालमीत कुंडीत थंडाई घोटतात : भिजवून सोललेले बदाम, बडीशेप, मिरी, वेलदोडे, खसखस. दांडा फिरून फिरून दाट, दुधाळ रस सुटला की पोरगा पेला तोंडाला लावतो. वस्तादानं दिलंय ना, मग विचारायचं काय! खसखस अफूच्या बोंडातली. तिच्यात मॉर्फिनचा अंश असू शकतो आणि मॉर्फिन स्पर्धेच्या काळात निषिद्ध आहे, हे त्या पोराला कोण सांगणार? (भांग पडली तर बोलायलाच नको.) म्हणून थंडाई सोडा असं मी म्हणत नाही. मला खटकते ती न विचारण्याची शिस्त. कुंडीतलं निदान डोळ्यांना दिसतं, घोटणाराही समोर असतो. बंद कॅप्सूलला तोच भरवसा आयता मिळतो.

उत्तेजकविरोधी नियम नेमका इथंच आडवा येतो : अंगात जे सापडेल त्याला खेळाडू जबाबदार, देणारा कुणीही असो. रिलेतल्या मुलींवर तो कठोर ठरला. तरी तो मला चुकीचा वाटत नाही, कारण ‘मला ठाऊक नव्हतं’ एवढ्यावर सुटका होऊ लागली तर प्रत्येक जण तेच म्हणेल. अन्याय आहे तो आधीचा. राष्ट्रीय शिबिरात वाढलेल्या मुलीनं प्रशिक्षकाचा शब्द पाळायचा हेच आपण तिला वर्षानुवर्षं शिकवतो, आणि निकालाच्या दिवशी विचारतो, तू शंका का घेतली नाहीस?

अश्वगंधेचंच बघा. काही छोट्या अभ्यासांत तिनं ताकद वाढल्याचं दिसलं. क्वचित यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत, आणि डेन्मार्कनं २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. उत्तेजकांच्या यादीत ती नाही. जाणत्या वैद्याला विचारून, बॅच तपासलेली आहे याची खातरजमा करून, उरलेली डबी क्रमांकासकट जपून ठेवणारी एखादी धावपटू भेटली तर मी तिला अडवणार नाही. पण सराव, जेवण, झोप सगळं नीट चाललेलं असताना ही पूड कुणाच्या सांगण्यावरून सुरू केलीस, एवढं मात्र विचारीन.