हरणाला इस्पितळ नाही

हरणाची शिकार करणाऱ्याने कोणती गोळी वापरावी, हा प्रश्न मंडळीच्या मासिकात कशाला, असे कोणी विचारील. आपल्या वडोदऱ्यात गायकवाडांच्या काळी पाळीव चित्ते सोडून काळविटांची शिकार होत असे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्याची १९९१ ची दुरुस्ती यांनी शिकारीची वाट बंद केली. पिकांची नासाडी करणाऱ्या काही जनावरांसाठी लेखी परवानगीची सोय मात्र राहिली आहे. तथापि या प्रश्नात दयेविषयी एक धडा आहे. तो आपण घेऊ या.

कलकत्त्याजवळ डमडम येथे १८९० नंतरच्या दशकात एक गोळी तयार झाली. अंगात शिरताच ती पसरे व मोठी जखम करी. १८९९ साली हेगच्या परिषदेत, अशा गोळ्या युद्धात वापरू नयेत, असे ठरले. उलट इंग्लंडचा हरणांविषयीचा १९९१ चा कायदा सांगतो की, हरणावर रायफल झाडायची तर गोळी पसरणारीच हवी! एके ठिकाणी जी क्रूरता, तीच दुसरीकडे दया कशी?

उत्तर साधे आहे. जखमी शिपायाला उचलून नेणारे असतात, मलमपट्टी करणारे असतात. हरणाला इस्पितळ नाही. अरुंद भोक पाडून गोळी आरपार गेली, तर ते झाडीत पळते आणि तासन्तास तडफडून मरते.

अमेरिकेत अनेक ठिकाणी पिस्तुलाने हरीण मारण्याची मुभा आहे. तेथे हा विचार अधिकच बिकट होतो. पिस्तुलाच्या गोळीचा वेग रायफलच्या गोळीच्या बहुधा निम्माच असतो. ती फार लवकर पसरली, तर हृदयापर्यंत पोहोचत नाही. मुळीच पसरली नाही, तर जखम अपुरी पडते. म्हणून जाणता शिकारी बेताने पसरणारी व खोल जाणारी गोळी निवडतो, जनावराच्या जवळ जातो, आणि नेमाची खात्री नसेल तर बोट आवरतो. हातून जनावर जखमी झालेच, तर त्याचा माग शेवटपर्यंत काढतो.

पवित्र शास्त्राने इस्राएलास हरीण खाण्याची मोकळीक दिली (अनुवाद १२:१५). परंतु शिकाऱ्याने रक्त जमिनीवर ओतून ते मातीने झाकावे, अशीही आज्ञा केली (लेवीय १७:१३). ज्याने प्राण घेतला, त्यानेच खाली वाकून माती लोटावयाची. मांस त्याला मिळाले, पण प्राण देवाचा होता, हे त्याने विसरू नये.

येथे एक सावधगिरी हवी. उत्तम गोळी निवडल्याने मारणे योग्य ठरत नाही. मारण्याची गरज आहे काय, हा पहिला प्रश्न; कसे मारावे, हा दुसरा. दुसऱ्याचे चोख उत्तर देऊन पहिल्यातून सुटता येत नाही.

आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती बंदूक कधी येणार नाही. पण कठोर शब्द बोलण्याची वेळ शिक्षकावर, वडिलांवर, पंचावर येतेच. अशा वेळी आपण भिडेपोटी आडून टोमणा मारतो, चारचौघांत कुजबुजतो आणि निघून जातो. त्याला आपण सौम्यपणा म्हणतो. ज्याला तो लागतो, तो मात्र महिनोन्‌महिने आत ठसठसत राहतो. प्रभूने सांगितलेली रीत निराळी आहे: भावाकडे जा, एकांतात बोल (मत्तय १८:१५). आधी बोलण्याची गरज तपासावी. बोलणे भागच असेल, तर जवळ जाऊन स्पष्ट बोलावे, आणि नंतर त्याला एकटे सोडू नये.